शाकारलेली घरं : सोळा पानांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज खोक्यातली सगळी जपानी टपाल तिकिटं टेबलावर मांडली. सहा वर्षं जपानमधल्या कावासाकीत राहताना हळूहळू जमलेली. त्यातून ज्यांच्यावर गवती छपराचं घर आहे तेवढीच बाजूला काढली. बेचाळीस निघाली. फुजी डोंगराच्या पायथ्याशी कोपऱ्यात नखाएवढं छप्पर दिसतंय, तीही धरली आहेत.

ठरलं असं: तिकिटांच्या प्रदर्शनासाठी एक फ्रेम, म्हणजे ए-फोर आकाराची सोळा पानं. विषय एकच, जपानी शेतकऱ्याचं घर. मे महिन्याच्या मध्यापर्यंत पानं तयार हवीत.

पहिली अडचण शब्दापाशीच आली. ‘मिन्का’ म्हणजे सामान्य लोकांचं घर. त्यात शेतकऱ्याचं ‘नोका’ येतं, शहरातल्या व्यापाऱ्याचं ‘माचिया’ येतं आणि मच्छीमाराचं ‘ग्योका’ही. जपानी टपाल खात्याने १९९७ ते १९९९ या काळात ‘निहोन नो मिन्का’ नावाची ८० येनच्या तिकिटांची मालिका काढली. तिच्यातलं प्रत्येक घर शेतकऱ्याचं असेलच असं धरून चालणार नाही. मला फक्त नोका हवीत. जिथे माती तुडवून केलेली जमीन आहे, जनावर घराच्या आत बांधलेलं आहे आणि माळ्यावर रेशमाचे किडे वाढवलेत, असं घर.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. १९८१ ते १९८४ या काळात याच खात्याने पाश्चात्त्य धर्तीच्या जुन्या इमारतींवर मोठी मालिका काढली होती. विटांच्या, मनोऱ्यांच्या, मेइजी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या. शेतकऱ्याच्या घराला स्वतःच्या नावाची मालिका मिळाली ती त्यानंतर पंधराएक वर्षांनी. पहिल्या पानावर हे आलं पाहिजे.

१९ जानेवारी

दिवसभर कालक्रम लावला. जपानी तिकिटाचं वय ओळखायला दर्शनी किंमत फार मदत करते, कारण साध्या पत्राचा दर बदलला की तिकिटंही त्या दराची निघतात. १९८९ मध्ये उपभोग कर आला आणि ६० चे ६२ येन झाले. १९९४ मध्ये ८०. मग थेट २०१४ मध्ये ८२, २०१९ मध्ये ८४, आणि गेल्या ऑक्टोबरात ११०. ६२ येनचं तिकीट हातात आलं की ते ८९ ते ९४ च्या मधलं, नाहीतर २०१७ ते २०१९ मधलं, जेव्हा पोस्टकार्डाचा दर ६२ येन होता. अगदी जुन्यांसाठी दुसरी खूण आहे: रोमन लिपीत ‘निप्पोन’ छापायला १९६६ पासून सुरुवात झाली. ती अक्षरं नसली तर तिकीट त्याआधीचं.

‘फुरुसातो’ तिकिटांचा ढीग सगळ्यात मोठा. फुरुसातो म्हणजे आपलं गाव, जन्मगाव. एप्रिल १९८९ पासून प्रत्येक प्रांताची ही तिकिटं निघू लागली आणि डोंगरातली घरं टपालावर खऱ्या अर्थाने दिसू लागली ती तेव्हापासून. हे तिकीट मोठ्या शहरातल्या माणसाने विकत घ्यावं आणि आपल्या गावची आठवण पाकिटावर चिकटवावी, ही कल्पनाच मला फार जवळची वाटते.

२ फेब्रुवारी

चित्रकार हिरोशिगेच्या ‘कांबारा’चं तिकीट घ्यायचं की नाही, यावर दोन दिवस गेले.

१९६० च्या आंतरराष्ट्रीय पत्रलेखन सप्ताहाचं ३० येनचं तिकीट. तोकाइदो रस्त्यावरच्या त्रेपन्न मुक्कामांच्या चित्रांपैकी एक. रात्र आहे, बर्फ पडतोय, तीन माणसं पाठीत वाकून चढावर चालली आहेत आणि मागे घरांची छपरं बर्फाखाली गाडली गेली आहेत. कांबारा हा वाटसरूंचा मुक्काम, शेतकऱ्यांची वाडी नव्हे. शिवाय ते गाव सुरुगा उपसागराच्या उबदार किनाऱ्यावर आहे, तिथे इतका बर्फ पडत नाही. नोंदीच्या दृष्टीने चित्र बसत नाही.

तरी ठेवलं. कारण बर्फ झाकतो तेव्हा छपराचा फक्त उतार उरतो, आणि माझ्या सोळा पानांचा कणा तोच आहे: उतार. गवत आहे की फळ्या आहेत हेही कळत नाही, पण पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, किती उभं हवं हे कळतं. दुसऱ्या पानावर ते एकटंच येईल.

त्याच्या पुढच्या पानावर चित्रकार होकुसाईचं ‘मिसाका’, १९६५ चं, ४० येन. कावागुची तळ्यात फुजीचं प्रतिबिंब. वरचा डोंगर उन्हाळ्यातला, उघडा, आणि पाण्यातला बर्फाने पांढरा. सगळे तो चमत्कार बघतात. मी आज पहिल्यांदा भिंगाखाली काठावरची घरं पाहिली. दाटीवाटीने उभी, गवती, तळ्याकडे तोंड करून. तिकिटावर ती भाताच्या दाण्याएवढी आहेत.

१६ फेब्रुवारी

आज निहोन मिन्काएनला गेले. मुकोगाओका-यूएन स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. १९६७ मध्ये उघडलेलं हे खुलं संग्रहालय. देशभरातून सुटी करून आणलेली घरं इथे टेकडीवर पुन्हा उभी केली आहेत. कितीदा आले असेन, पण आज वही घेऊन आले.

ईशान्येकडच्या इवाते प्रांतातलं कुदो घराण्याचं घर आधी पाहिलं. ‘मागारिया’, म्हणजे वळलेलं घर. वरून पाहिलं तर काटकोनात. लांब बाजूला माणसं, वळलेल्या बाजूला घोडे, आणि मध्ये भिंत नाही. चुलीपाशी बसलेल्या बाईला घोड्याचा श्वास ऐकू यावा इतकं जवळ. तिथे थंडी तशी आहे आणि घोडा हीच घराची दौलत.

मग तोयामा प्रांतातल्या गोकायामाहून आणलेलं एमुकाई घर. इथे इरोरी पेटलेली होती. इरोरी म्हणजे जमिनीत खोल केलेली चौकोनी शेगडी. तिच्यावर छताला एक फळ्यांची चौकट टांगलेली असते, ‘हिआमा’. ठिणगी वर गवतापर्यंत उडू नये म्हणून. धुराला मात्र वाट मोकळी असते. तो चौकटीला अडतो, पसरतो, माळ्यावर जातो, तिथून गवतातून झिरपून बाहेर पडतो. घराला धुराडं नाही. अख्खं छप्परच धुराडं. त्या धुराने वासे, दोर, गवत काळं होतं, कीड लागत नाही, ओल धरत नाही. स्वयंसेवक आजोबांनी सांगितलं की संग्रहालयात रिकाम्या घरातही इरोरी पेटवावी लागते, नाहीतर छप्पर लवकर कुजतं. माणूस राहत नसला तरी धूर राहायला हवा.

वर बघितलं तर एकही खिळा नाही. वासे दोरांनी आणि ‘नेसो’ नावाच्या झुडपाच्या ओल्या फांद्या पिळून बांधलेले. फांदी वाळली की गाठ आणखी आवळते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांना हे सांगताना माझ्या तोंडून ‘छप्पर बदलतात’ असं गेलं. बाबा म्हणाले, “बदलतात काय? शाकारतात म्हण की.”

किती वर्षांनी हा शब्द ऐकला. आमचा गोठा दर वर्षी मृगाच्या आत शाकारायचे, भाताच्या पेंढ्याने. मी लहान असताना पेंढ्या वर फेकायचं काम माझं असायचं. बाबांनी विचारलं, तिथे किती वर्षांनी शाकारतात? म्हटलं, तीस-चाळीस. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “गवत? तीस वर्षं? उतार किती आहे ते नीट विचारून घे.”

साठ अंशांच्या आसपास. पुढच्या फोनला सांगायचंय.

प्रदर्शनाचं नाव आज ठरलं. शाकारलेली घरं.

२३ फेब्रुवारी

ऑनलाइन घेतलेल्या एका जुन्या तिकिटाच्या मागचा कागद सोललेला निघाला. समोरून निर्दोष, उजेडासमोर धरलं की मधोमध पातळ डाग. विकणाऱ्याने वर्णनात ते लिहिलं नव्हतं. दुसरं शोधायला हवं. प्रदर्शनांच्या आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीत तिकिटांच्या स्थितीला शंभरपैकी १० गुण आहेत, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मला स्वतःला ते पानावर बघवणार नाही.

९ मार्च

सहावं पान तिसऱ्यांदा फाडलं.

अडचण ही आहे. थीमॅटिक प्रदर्शनात तिकिटांनीच गोष्ट सांगायची असते. मजकूर थोडा, तिकिटांना जोडणारा. पण तिकिटावर घर नेहमी बाहेरून दिसतं. लांबून, टेकडीवरून, बर्फात नाहीतर हिरव्या भातात. सुंदर. आणि माझ्या मते ह्या घराचं खरं काम आतून चालतं, ते तिकिटावर येतच नाही. पहिल्या आराखड्यात मी प्रांतवार पानं केली होती: हे गिफूचं, हे इवातेचं, हे नागानोचं. पाहुण्याला घरांचा अल्बम दाखवावा तसं झालं.

आज आराखडा उलटा केला. पानांचे मथळे आता असे: उतार, गवत, दोर, धूर, किडे, माती, घोडा, शेजारी. प्रत्येक मथळ्याखाली असं तिकीट, ज्यात त्या गोष्टीची बाहेरून दिसणारी खूण आहे. उदाहरणार्थ गाश्शो, म्हणजे खूप उभ्या गवती छपराच्या, घराची त्रिकोणी भिंत. तिच्यात एकावर एक खिडक्या असतात, त्या तिकिटावर स्पष्ट दिसतात. त्या कशाला? माळ्यावर दोन-तीन मजले रेशमाच्या किड्यांचे. त्यांना हवा हवी, उजेड हवा. म्हणून त्या भिंती दरीच्या वाऱ्याकडे, उत्तर-दक्षिण, आणि पाखी पूर्व-पश्चिम, म्हणजे दोन्ही बाजूंना ऊन मिळून बर्फ वितळतो, गवत सुकतं. एका खिडकीच्या चित्रावरून ‘किडे’ हे पान उभं राहिलं.

गाश्शो म्हणजे नमस्काराला जोडलेले हात. वासे तसेच टेकतात म्हणून हे नाव. हात जोडलेले आहेत, पण मनगटं मोकळी आहेत, हे मला आज कळलं. वाशाचं खालचं टोक पेन्सिलीसारखं तासून आडव्या तुळईतल्या खळग्यात नुसतं उभं केलेलं असतं. ठोकलेलं नाही. वादळ आलं, बर्फाचा भार आला की छप्पर थोडं हलतं आणि परत बसतं. खालची चौकट सुताराने केलेली, चोख. वरचं छप्पर गावकऱ्यांनी केलेलं, बांधलेलं, लवचिक. एकाच घरात दोन वेगळ्या हातांची कामं.

आणि खालच्या तुळयांमध्ये काही बुंधे मुळाशी वाकलेले असतात. डोंगरउतारावरच्या रोपाला बर्फ दर हिवाळ्यात खाली दाबतो, झाड मग वळण घेऊन वर जातं. सुतार ते वळण मुद्दाम निवडतात आणि भार पेलायला लावतात. त्याला ‘चोनाबारी’ म्हणतात. ज्या बर्फाला तोंड द्यायचं, त्यानेच तुळई घडवून दिलेली. हे पाचव्या पानावर जाणार, मजकूर चार ओळी.

२० मार्च, वसंत संपाताची सुट्टी

संयुक्त राष्ट्रांच्या टपाल खात्याचा २००१ चा जपानी जागतिक वारशाचा संच पूर्ण झाला. सहा तिकिटं, सहा ठिकाणं: क्योतो, नारा, हिमेजी, इत्सुकुशिमा, निक्को, आणि शिराकावा-गो व गोकायामा. ओळीने मांडली आणि बराच वेळ बघत राहिले. देवळं, देवळं, किल्ला, तीर्थ, समाधीमंदिर. आणि सहाव्या तिकिटावर शेतकऱ्यांची घरं. पाच ठिकाणी कुणीतरी राजा, सरदार, धर्मपीठ उभं आहे. सहाव्या ठिकाणी कुणी नाही, गाव आहे.

हा संच शेवटून दुसऱ्या पानावर एकत्र येईल. वर फक्त १९९५ हे साल, कारण त्या वर्षी ओगिमाची, आइनोकुरा आणि सुगानुमा ही तीन गावं जागतिक वारशाच्या यादीत गेली. जपानची स्वतःची ८० येनची तिकिटं, २००१-०२ च्या जागतिक वारसा मालिकेतली, त्याच पानावर खाली.

११ एप्रिल, शुक्रवार

शिन-ताकाओकाहून गोकायामाची बस. खोऱ्यात शिरेपर्यंत वसंत होता, पुढे सावलीतल्या उतारांवर अजून बर्फाचे ढीग.

मुद्दाम कामाच्या दिवशी आले, कारण टपाल कचेरी उघडी हवी. जपानात पुष्कळ टपाल कचेऱ्यांकडे स्वतःचा चित्रशिक्का असतो, ‘फूकेइ-इन’. त्या गावाची खूण कोरलेली, लालसर तपकिरी शाईत. किमान पोस्टकार्डाच्या दराचं तिकीट लावलेलं असलं की हाताने उमटवून देतात. तो दर आता ८५ येन आहे. माझ्याकडची घरांची तिकिटं ८० येनची. एकेकाळी ती अख्खं पत्र पोचवायची, आज कार्डालाही पाच येन कमी पडतात. म्हणून प्रत्येक कार्डावर शेजारी ५ येनचं माकडाचं तिकीट लावलं. खिडकीमागच्या बाईंनी दोन्ही तिकिटांवर अर्धा अर्धा येईल असा शिक्का तोलून धरला, दाबला आणि वर टिपकागद ठेवला. सहा कार्डं, सहाही स्वच्छ.

सातवं कार्ड बाबांना. परदेशी कार्डाला १०० येन, म्हणून ८० च्या घराशेजारी १० येनचे दोन तोकी पक्षी.

दुपारी आइनोकुरा. वीसएक गाश्शो घरं, मध्ये भाताचे लहान वाफे, मागे उभा डोंगर. एका घरात जमिनीखालच्या खड्ड्याविषयी माहिती लिहिली होती. गोकायामात इरोरीच्या शेजारी, फळ्यांच्या खाली, खड्ड्यात माती, रेशीमकिड्यांची विष्ठा, गवत, पाला यांचे थर घालून काही वर्षं मुरत ठेवत. त्यातून ‘एन्शो’ निघायचं, म्हणजे सोरा, बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. तो कागाच्या सरदारांकडे जायचा. वर रेशीम, खाली दारूगोळा, मध्ये माणसं जेवतायत. मेइजी काळात परदेशातून स्वस्त सोरा येऊ लागला आणि हा धंदा बंद पडला.

‘माती’ या पानासाठी तिकीट नाही. ह्या खड्ड्याची खूण बाहेरून दिसतच नाही. त्या पानावर आजच्या शिक्क्याचं कार्ड लावायचं आणि खाली सरळ लिहायचं की जमिनीखाली काय होतं.

१२ एप्रिल

शिराकावा-गोतलं ओगिमाची. सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. वरच्या दर्शनी जागेवरून पाहिलं तर तिकिटच दिसलं, तोच कोन, तेच वळण. खाली उतरून चालले तेव्हा तिकीट संपलं आणि गाव सुरू झालं: दोरीवर वाळणारे कपडे, कोबीचे वाफे, एक आजी नळीने गमबूट धुतायत.

एका घराचं एक पाखं उघडं होतं. जुनं गवत काढलेलं, आडव्या काठ्या दिसत होत्या. पाच-सहा माणसं वर. एकजण बाहेरून लाकडी सुईसारख्या दांड्याने दोर आत खुपसतो, दुसरा आत बसून तो काठीला वळसा घालून परत बाहेर पाठवतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत, फक्त हाक देतात. मी अर्धा तास उभी होते. त्या हाका अजून कानात आहेत.

पूर्वी हे काम ‘युई’ने व्हायचं, अजूनही कधीकधी होतं. आज तुझ्या घरावर सगळं गाव, उद्या माझ्या घरावर. कोणी किती दिवस दिले, किती गवत, किती दोर, हे लिहून ठेवत आणि तेवढंच फेडत. शंभर-दोनशे माणसं एका पाख्यावर चढायची. गावाने १९७१ मध्ये ठराव केला: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. तीन नकार. ‘शेजारी’ ह्या पानावर हेच तीन शब्द, आणि त्यांच्याखाली ज्या तिकिटावर सगळ्यात जास्त घरं एकत्र आहेत ते.

२७ एप्रिल

योकोहामाच्या सांकेइएन बागेत यानोहारा घर पाहिलं. शोकावा खोऱ्यातलं. मिबोरो धरण होणार म्हणून १९६० मध्ये इथे हलवलं. धरण १९६१ मध्ये पूर्ण झालं आणि वरच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली. मोठं, देखणं घर, सरदाराच्या तोलाचं. समोर बदकांचं तळं.

चौदावं पान ह्याचं. त्यावर एकही तिकीट नाही, मधोमध रिकामी चौकट आणि खाली दोन ओळी. अशा पानाने गुण जातील हे ठाऊक आहे. शीर्षक व आराखडा, विषयाचा विकास आणि नावीन्य मिळून ३५ गुण, त्यातले काही इथे सुटतील. पान ठेवलं. बुडालेल्या गावांची तिकिटं निघाली नाहीत, आणि ते दाखवायला माझ्याकडे ही एकच पद्धत आहे.

१० मे

सोळाही पानं माउंट करून झाली. पातळ डागाच्या तिकिटाच्या जागी दुसरं आलं, उजेडात तपासून. ‘किडे’ आणि ‘धूर’ यांचा क्रम बदलला, कारण धूर आधी हवा. त्याच्याशिवाय माळ्यावर ऊब नाही. मजकुराचा आकार सगळीकडे एक पॉइंट कमी केला.

११ मे, रविवार

बाबांना कार्ड मिळालं. महिनाभर लागला. शिक्का थोडा फिकटला आहे म्हणाले, पण वाचता येतो. त्यांनी चष्मा लावून, खिडकीत जाऊन पाहिलं असणार, कारण पहिला प्रश्न तिकिटाबद्दल नव्हताच. कार्डामागे ओगिमाचीच्या एका घराचा जवळून घेतलेला फोटो आहे, त्याबद्दल होता.

“आढ्याच्या खाली दोन्ही बाजूंनी काठ्या बाहेर आल्यात, त्या कसल्या?”

मी सांगितलं. ‘मिझुहारी’. आढ्यावरच्या गवताच्या पेंढ्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून छपरातून आरपार घातलेल्या काठ्या. आढ्यावरून दोर घेऊन त्यांना आवळतात.

“अस्सं,” बाबा म्हणाले. “आपण दगड टांगायचो.”

मग त्यांनी विचारलं की दोर कसला असतो. म्हटलं, भाताच्या पेंढ्याचा वळलेला. तो किती पदरी वळतात, हे त्यांना हवंय. मला माहीत नाही. मिन्काएनच्या आजोबांना पुढच्या रविवारी विचारायचंय.